दोन सातबारे, एकच जमीन

जावा शिकायला लागून दोन-तीन आठवडे झाले की वर्गात एक प्रोग्राम हमखास निघतो. बघायला अगदी निर्दोष. 'विद्यार्थी' नावाचा क्लास, त्यात 'नाव' आणि 'गुण' हे दोन व्हेरिएबल, आणि नवा विद्यार्थी तयार होताना ते भरून घेणारा कन्स्ट्रक्टर. (जावात व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येतात, हे फारच थोड्या मुलांना कुणी सांगितलेलं असतं.) कन्स्ट्रक्टरला बाहेरून जे नाव दिलं जाणार, त्यालाही मुलांनी 'नाव' असंच म्हटलेलं असतं आणि आत ओळ असते: नाव = नाव. कंपायलर तक्रार करत नाही. प्रोग्राम चालतो. 'स्नेहल' असं दिलेलं असतं आणि पडद्यावर छापून येतं 'नल'.

घडतं ते असं. कन्स्ट्रक्टरच्या आत 'नाव' म्हटलं की जावा सगळ्यांत जवळचं नाव धरते, म्हणजे बाहेरून आलेलं. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना तेच. ऑब्जेक्टच्या स्वतःच्या 'नाव'ला कुणी हातच लावलेला नसतो, म्हणून ते रिकामं राहतं. डावीकडे 'धिस.नाव' लिहिलं की काम भागतं. पण 'धिस लावायचं असतं' एवढंच पाठ करून पुढे गेलेला मुलगा पुढच्या आठवड्यात दुसरीकडे अडकतो, कारण 'धिस म्हणजे कोण?' या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी नसतं.

मला वाटतं, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा शिकताना होणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे. अर्धविराम राहिला, कंस मिटला नाही, फाइलचं नाव आणि क्लासचं नाव जुळलं नाही, या चुका महिनाभरात जातात. जात नाही ते हे: प्रोग्राम चालू असताना मेमरीत नेमकं काय कुठे आहे, याचं चित्र डोळ्यांपुढे नसणं.

आपल्याकडे ते चित्र तयार व्हायला वेळही मिळत नाही. डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला आधी सी शिकायची, मग सी प्लस प्लस नाहीतर जावा, आणि पहिल्याच तासाला फळ्यावर चार शब्द: एन्कॅप्सुलेशन, अ‍ॅबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. तोंडी परीक्षेला हेच विचारतात, म्हणून मुलं व्याख्या घोटून जातात. प्राणी, कुत्रा, मांजर यांची उदाहरणं तर अगदी तोंडपाठ. पण त्या कुत्र्याचं प्रोग्राममध्ये करायचं काय, हे कुणी सांगत नाही.

ऑब्जेक्टची कल्पना आली कुठून हे पाहिलं तर तिची गरज कळते. १९६० च्या दशकात ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांनी सिम्युला ही भाषा घडवली. तिचं मूळ काम होतं सिम्युलेशन, म्हणजे रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामं यांचं संगणकावर अनुकरण. अशा अनुकरणात एकाच प्रकारच्या असंख्य वस्तू एकाच वेळी वावरत असतात आणि प्रत्येकीची स्थिती वेगळी असते. एक ट्रक भरलेला, दुसरा रिकामा, तिसरा वाटेत. नियम एकदाच लिहायचे आणि माहिती मात्र प्रत्येकाची स्वतंत्र ठेवायची, यासाठी क्लास आणि ऑब्जेक्ट आले. पुढे ब्यार्न स्ट्रॉस्ट्रप यांनी केंब्रिजला पीएचडी करताना सिम्युला वापरली आणि १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सीला क्लासची जोड द्यायला घेतली. त्यातून सी प्लस प्लस झाली. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांनी केलेली जावा १९९५ मध्ये लोकांसमोर आली. हा इतिहास परीक्षेत विचारत नाहीत, पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. क्लास एक आणि ऑब्जेक्टही एकच असेल, तर सगळा खटाटोप निरर्थक वाटणारच. सरावाचे बहुतेक प्रोग्राम नेमके तसेच असतात.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. जावात 'विद्यार्थी अ' असं लिहिलं की 'अ' म्हणजे विद्यार्थी, अशी समजूत होते. प्रत्यक्षात 'अ'मध्ये विद्यार्थी नसतो, तो कुठे आहे याचा निर्देश असतो. सातबारा हातात असणं आणि जमीन असणं यात जो फरक आहे, तोच इथे. 'ब = अ' लिहिलं की सातबाऱ्याची दुसरी प्रत निघते, जमीन तीच राहते. आता 'ब.गुण = ९०' केलं आणि 'अ.गुण' छापलं, तर ९० येणारच. जमिनीवर विहीर खणली, मग प्रत कुणाच्याही हातात असो. उलट, पूर्णांकाचं साधं व्हेरिएबल असेल तर त्यात किंमत थेट असते. एकाची किंमत दुसऱ्यात घातली की दोघं मोकळे. भाषेत हे दोन प्रकार शेजारी-शेजारी नांदतात आणि लिहिताना सारखेच दिसतात, म्हणून नवशिक्या फसतो.

याचं सगळ्यांत छळणारं रूप यादीत दिसतं. पाच विद्यार्थ्यांची नावं कीबोर्डवरून घ्यायची आणि यादीत भरायची. मुलगी लूपच्या आधी 'न्यू' वापरून एक विद्यार्थी तयार करते. लूपमध्ये नाव वाचते, त्या विद्यार्थ्याला देते, विद्यार्थी यादीत टाकते. पाच वेळा. अमोल, फातिमा, गौरी, जॉन, झुबेर अशी नावं दिली आणि यादी छापली की येतं: झुबेर, झुबेर, झुबेर, झुबेर, झुबेर. ती छापणारा लूप तपासते, इनपुट तपासते, यादीच बिघडली असावी अशा निष्कर्षाला येते. यादी बिचारी बरोबर आहे. तिच्यात पाच नोंदी आहेत आणि पाचही एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. त्या ऑब्जेक्टचं नाव दर फेरीत बदलत गेलं, शेवटी उरलं ते झुबेर. 'न्यू'ची ओळ लूपच्या आत नेली की प्रत्येक फेरीला नवा विद्यार्थी जन्माला येतो आणि यादी हवी तशी छापली जाते. दुरुस्ती एका ओळीची, पण ती का लागते हे ज्याला कळलं त्याचा निम्मा अभ्यास झाला असं मी म्हणेन.

मेथडला ऑब्जेक्ट पाठवतानाही हाच घोळ. आत जाऊन गुण बदलले तर बाहेर दिसतात, पण आत त्या व्हेरिएबलला नवाच ऑब्जेक्ट दिला तर बाहेर काहीच फरक पडत नाही. जावा नेहमी किमतीची प्रतच पाठवते, आणि ऑब्जेक्टच्या बाबतीत ती किंमत म्हणजे निर्देश असतो. इंटरव्ह्यूला यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. कागदावर दोन बाण काढले की वाद संपतो.

तुलनेचंही तसंच. '==' हे चिन्ह ऑब्जेक्टच्या बाबतीत 'दोन्ही निर्देश एकाच ठिकाणचे आहेत का' एवढंच बघतं, आतला मजकूर सारखा आहे का हे बघत नाही. त्यासाठी 'इक्वल्स' मेथड आहे. गोंधळ वाढतो तो वेगळ्याच कारणाने. प्रोग्राममध्ये थेट लिहिलेली 'हो' आणि 'हो' ही दोन स्ट्रिंग्ज '==' ने ताडून पाहिली तर उत्तर बरोबर येतं, कारण एकसारख्या अशा स्ट्रिंग्जसाठी जावा एकच ऑब्जेक्ट वापरते. तीच 'हो' कीबोर्डवरून आली की उत्तर चूक. 'इंटीजर' ऑब्जेक्टचा प्रकार तर आणखी चमत्कारिक वाटतो. दोन व्हेरिएबलमध्ये १२७ थेट लिहून ठेवले तर '==' होकार देतं, १२८ ठेवले तर नकार. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट जावा तयार ठेवते आणि मागेल त्याला तेच देते, त्यापुढच्या आकड्यांना साधारणपणे दर वेळी नवा बनवते. हे पाठ करण्यात अर्थ नाही. 'इक्वल्स' वापरायची सवय लागली की या भानगडीत पडावंच लागत नाही.

आणि जो निर्देश कुठलाच नाही, तो नल. त्याच्यावर मेथड बोलावली की नल पॉइंटर एक्सेप्शन. नलची ही सोय टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू भाषेसाठी केली आणि २००९ मध्ये जाहीर भाषणात तिला अब्ज डॉलरची चूक म्हटलं. पूर्वी जावा फक्त कितव्या ओळीत गडबड झाली ते सांगायची. २०२० मध्ये आलेल्या जावा १४ पासून त्या ओळीतलं नेमकं काय नल होतं, हेही सांगण्याची सोय झाली. तरी मुलं लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करतात. त्यातली पहिली ओळ आणि आपल्या फाइलचं नाव असलेली पहिली ओळ, एवढं वाचलं तरी बहुतेक वेळा पुरतं.

सीमधून आलेल्यांची खास अडचण 'स्टॅटिक'ची. 'मेन' पूर्वी स्टॅटिक ठेवावी लागे, कारण प्रोग्राम सुरू होताना एकही ऑब्जेक्ट अस्तित्वात नसतो. तिच्यातून साधी मेथड बोलावली की कंपायलर अडवतो, कारण कोणत्या ऑब्जेक्टची मेथड ते त्याला कळत नाही. मुलगा त्या मेथडला स्टॅटिक लावतो, मग व्हेरिएबललाही लावतो. चूक गेली म्हणून खूश होतो. आता 'गुण' सगळ्या विद्यार्थ्यांत मिळून एकच उरलेला असतो, आणि शेवटच्याचे गुण सगळ्यांना पडतात. या जाचातून नवशिक्यांना सोडवायला जावाने बराच उशीर केला. सप्टेंबर २०२५ मधल्या जावा २५ पासून क्लास आणि स्टॅटिक न लिहिता साधी 'मेन' लिहिता येते. पहिल्या दिवशी न कळणारे शब्द टंकायला लावू नयेत, हे मान्य व्हायला तीस वर्षं गेली.

काही खाचखळगे ऑब्जेक्टचे नसतातच. ६०० पैकी ४३७ गुणांची टक्केवारी शून्य येते, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळतो आणि शून्याला शंभरने गुणलं तरी शून्यच.

इनहेरिटन्सचा मोह मात्र गंभीर आहे, कारण तो शिकवण्यातूनच येतो. 'कॉलेज' क्लास आहे, त्यातली नावं हवीत, म्हणून 'प्राध्यापक' क्लास कॉलेजपासून एक्स्टेंड करायचा. प्राध्यापक हे काही कॉलेज नव्हे, ते कॉलेजात आहेत. मोठ्यांकडूनही हे झालेलं आहे. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत 'स्टॅक' हा क्लास 'व्हेक्टर'पासून काढलेला आहे, त्यामुळे फक्त वरून घाला आणि वरूनच काढा असा नियम असलेल्या स्टॅकमध्ये मधोमध काहीही खुपसता येतं. एरिक गॅमा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९४ च्या डिझाइन पॅटर्न्सवरच्या पुस्तकात वारसा घेण्यापेक्षा ऑब्जेक्टच्या आत ऑब्जेक्ट ठेवणं पसंत करा असा सल्ला दिला होता. आपल्या वर्गांत आजही उलटाच क्रम चालतो.

शिक्षकांना एक विनंती. मायकल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी नवशिक्यांसाठी केलेलं ब्लूजे हे साधन मोफत आहे आणि आयसीएसईच्या अनेक शाळांत वापरलंही जातं. त्यात तयार झालेला प्रत्येक ऑब्जेक्ट पडद्यावर चौकोन म्हणून दिसतो, उघडून आत बघता येतो. ते नसेल तर कागद-पेन्सिल पुरे. आणि तोंडी परीक्षेत चार व्याख्यांऐवजी एवढं विचारा: 'अ'ला न्यू विद्यार्थी दिला, 'ब'ला दुसरा न्यू विद्यार्थी, मग 'क = अ', मग 'अ = ब'. आता ऑब्जेक्ट किती, आणि कोण कोणाकडे बोट दाखवतंय? जो चार चौकोन काढेल त्याच्यापाशी थोडा वेळ बसा. जो दोन काढून 'अ' आणि 'ब'चे बाण दुसऱ्याकडे आणि 'क'चा पहिल्याकडे नेईल, त्याला पुढचं विचारा: 'क'ला नल केलं तर पहिल्या विद्यार्थ्याचं काय होईल? त्याच्यापर्यंत पोचायची एकही वाट उरत नाही, गार्बेज कलेक्टर सवडीने ती जागा मोकळी करतो, हे तो स्वतःच्या शब्दांत सांगू शकला तर पॉलिमॉर्फिझमची व्याख्या त्याला उद्या शिकवता येईल.