सोमवारच्या आत सांगा

सिनेमा पाहून आल्यावर मित्रांमध्ये जे बोललं जातं, ते आपण गप्पा म्हणून सोडून देतो. चित्रपट व्यवसायात त्यालाच माउथ पब्लिसिटी म्हणतात आणि मराठी सिनेमाची मोठी भिस्त आजही तिच्यावरच आहे. मराठी निर्मात्याचा पैसा बहुतेक वेळा चित्रपट पुरा करण्यातच संपतो. शहरभर फलक लावायला, दूरचित्रवाणीवर दर तासाला झलक दाखवायला हाताशी फारसं काही उरत नाही. तिथून पुढचं काम प्रेक्षकाचं. "आम्ही पाहून आलो, तुम्हीही जा," एवढं सांगायला कुणीतरी लागतं, आणि ते वेळेत सांगावं लागतं. अलीकडे ही वेळ फारच कमी उरली आहे, म्हणून हा लेख.

जुना हिशेब आठवड्यांचा

एके काळी चित्रपटाचं यश आठवड्यांत मोजत. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सव. प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 साली आला आणि मुंबईच्या सेंट्रल थिएटरात वर्षभराहून अधिक काळ चालला. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' 1959 साली पुण्याच्या विजयानंदमध्ये लागला, तो दोन वर्षांहून जास्त मुक्काम ठोकून राहिला. 1971 च्या 'सोंगाड्या'पासून दादा कोंडके यांच्या चित्रपटांनी रौप्यमहोत्सवांची रांगच लावली.

या आकड्यांमागे कलावंतांची पुण्याई होतीच, पण बोलण्याला मिळालेला वेळही होता. तालुक्याच्या गावी एकच टॉकीज. बाजाराच्या दिवशी आलेला माणूस खरेदी उरकून सिनेमा पाहायचा, संध्याकाळी गावी परतायचा आणि रात्री पारावर सगळी कथा सांगायचा. पुढच्या बाजाराला त्याच्या गावचे चार-पाच जण त्याच टॉकीजच्या खिडकीशी उभे असायचे. ज्या गावांना टॉकीजही जवळ नव्हती, तिथे जत्रेतल्या तंबूत सिनेमा पोहोचायचा आणि तो पोहोचेपर्यंत त्याची कीर्ती आधीच येऊन थांबलेली असायची. बातमी पायी चालत होती, आणि तिची वाट पाहत सिनेमा थांबत होता.

हिंदीतलं मोठं उदाहरण 'शोले'चं. 15 ऑगस्ट 1975 रोजी तो लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत धंद्यातल्या लोकांनी त्याला पडेल ठरवून टाकलं होतं. शेवट बदलून जयला जिवंत ठेवावं का, इथपर्यंत चर्चा गेली होती. पण लोक पाहून येत होते, संवाद पाठ करत होते आणि दुसऱ्यांना घेऊन पुन्हा जात होते. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. त्याच साली 'जय संतोषी माँ' हा अगदी बेताच्या खर्चातला चित्रपटही तुफान चालला. त्याला ना मोठा नट होता ना मोठी जाहिरात. शेजारणीने शेजारणीला सांगितलं, नणंदेने भावजयीला नेलं, आणि शुक्रवारचे उपास घरोघर सुरू झाले. चित्रपट म्हणून त्याची तुलना 'शोले'शी होणार नाही, पण तोंडी निरोपात किती बळ असतं याचा त्याच्याइतका भक्कम पुरावा मला दुसरा सापडत नाही.

आताचा हिशेब तीन दिवसांचा

आता चित्रपट शुक्रवारी लागतो. शनिवार-रविवारी जो गल्ला जमेल तो जमेल. सोमवारी आकडा किती घसरला, हे वितरक आणि थिएटरवाले पाहतात, आणि येत्या शुक्रवारी किती खेळ ठेवायचे याचा अंदाज तिथेच बांधला जातो. तोवर दारात नवा हिंदी किंवा दक्षिणेतला मोठा चित्रपट उभा असतो. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला आधीच एक-दोन खेळ मिळालेले असतात, तेही कित्येकदा नोकरदार माणूस कामावर असताना, दुपारी बारा किंवा तीनला. सोमवारी आकडा कमी दिसला की तेवढेही जातात.

अशा वेळी मंगळवारी ऑफिसच्या डब्याच्या वेळेला कुणीतरी म्हणतं, "रविवारी एक फार छान मराठी सिनेमा पाहिला." सगळे उत्साहाने शनिवारचा बेत ठरवतात. शनिवारी फोनवर तिकीट काढायला जावं, तर तो पूर्ण शहरात एकाच थिएटरात, सकाळी साडेनऊला. शिफारस मनापासून केलेली असते, ऐकणाऱ्यांचीही खरंच जायची इच्छा असते, आणि तरीही सिनेमा हातातून निसटतो. चांगल्या मराठी चित्रपटांवर ही पाळी वारंवार येते आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पंचवीस आठवड्यांच्या काळात जे बोलणं रमतगमत पोहोचलं तरी चालत होतं, ते आता शनिवारी रात्रीच पोहोचायला हवं.

बाईपण भारी देवा : बोलणं वेळेत पोहोचलं तेव्हा

30 जून 2023 रोजी केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' लागला. मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही गोष्ट. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब अशा सहा जणी त्यात होत्या. पन्नाशीच्या आगेमागे असलेल्या बायकांवरचा चित्रपट चालेल का, अशी शंका कुणालाही आली असती. पण दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्या आठवड्यापेक्षा जास्त झाली. असं क्वचित घडतं. एरवी दुसऱ्या आठवड्यात आकडा निम्म्यावर आला तरी निर्माता सुटकेचा श्वास टाकतो.

ही वाढ कशी झाली, ते थिएटरच्या आवारात उभं राहून दिसत होतं. भिशीचे गट, भजनी मंडळं, सोसायटीतल्या मैत्रिणी, सासू-सून-नणंद अशा जथ्थ्यांनी बायका येत होत्या. नऊवारी, नथ आणि वर गॉगल, असा थाट करून चित्रपटाच्या फलकासमोर फोटो निघत होते. ते त्याच रात्री नातेवाइकांच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जात होते. फोटो पाहणाऱ्या गटाला आपणही जायला हवं असं वाटे. चित्रपटाबद्दल मत देण्याची ही तऱ्हा होती. त्यात पटकथेची चर्चा नव्हती. "आम्ही सगळ्या मिळून गेलो आणि आम्हाला मोकळं वाटलं," एवढाच निरोप होता, आणि ज्या बाईने वर्षानुवर्षं स्वतःसाठी दुपार काढलेली नसते तिला तेवढा निरोप पुरतो. काही समीक्षकांना चित्रपटात ढोबळपणा दिसला. तो आहे, हे मलाही मान्य आहे. पण त्या बायकांचं मतही तितकंच खरं होतं, कारण त्या आपल्या अनुभवाबद्दल बोलत होत्या आणि तो त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हता.

कोण सांगतंय

समीक्षकाला आपण ओळखत नसतो, मित्राला ओळखतो. मित्राच्या मताची खरी किंमत इथे आहे. अमुक मित्राला गाणी नसली की चुकल्यासारखं होतं, तमुक मैत्रीण रक्त दिसलं की डोळे मिटते, तिसऱ्याला दोन तासांवरचं काहीच सोसत नाही. त्यांचं मत ऐकताना आपण हा सगळा हिशेब आपोआप करतो. पाच ताऱ्यांपैकी साडेतीन तारे हा आकडा असली ओळख करून देत नाही.

शिवाय प्रत्येक जण आपापल्या कामाचे डोळे घेऊन थिएटरात बसतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' एप्रिल 2015 मध्ये लागला, त्याआधीच त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता. वीरा साथीदार यांनी रंगवलेला लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर एका सफाई कामगाराला गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप आहे आणि मुंबईच्या सत्र न्यायालयात तो खटला रेंगाळत चालतो. आमच्या मित्रांच्या गटातल्या बऱ्याच जणांचा निकाल झटक्यात लागला : संथ आहे. प्रसंग संपला तरी कॅमेरा हलत नाही, माणसं निघून जातात आणि आपण रिकामी खोली पाहत बसतो.

पण गटातला वकील मित्र वेगळंच बोलला. त्याचं लक्ष होतं न्यायाधीशाकडे. साक्षीदार एक बोलतो आणि न्यायाधीश ते आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतो, नोंद होते ती त्या शब्दांची. मित्र म्हणाला, "माझा सगळा दिवस असाच जातो, आणि हे पडद्यावर इतकं नेमकं मी कधी पाहिलं नव्हतं." हे ऐकल्यावर मी चित्रपट पुन्हा पाहिला. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईची सुनावणी पुढे ढकलणारा न्यायाधीश, लोकलने घरी जाऊन सगळ्यांचा स्वयंपाक करणारी सरकारी वकील, सुपरमार्केटमध्ये निवांत वाइन आणि चीज घेणारा बचावाचा वकील, हे सारे तुकडे एकमेकांना जोडलेले दिसू लागले. तो संथपणा खटल्याचाच होता. आरोपीच्या आयुष्यातले महिने जसे तारखांमध्ये वाया जातात, तसे ते आपल्यालाही सोसायला लावले होते.

म्हणून कुणी "संथ आहे" म्हटलं की मी विचारतो, कुठे कंटाळा आला? "नायकाच्या घरच्या प्रसंगांत," असं उत्तर आलं तर ते कामाचं असतं. "इंटरव्हलनंतर पडतो" हेही असंच. नेमकं काय पडलं, गोष्ट की आपला उत्साह, हे पुढच्या दोन वाक्यांत कळतं आणि गप्पा खऱ्या अर्थाने तिथे सुरू होतात.

शेवट सांगावा का

सगळ्या चित्रपटांना एकच नियम लावून चालत नाही.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी आला. अजय-अतुलच्या गाण्यांनी आधीच महाराष्ट्र वेडा झाला होता. पाहून येणारे मात्र गाण्यांबद्दल बोलून शेवटाशी आले की गप्प व्हायचे आणि "तू बघच" म्हणायचे. इतक्या मोठ्या संख्येने लोकांनी एखाद्या चित्रपटाचा शेवट एकमेकांसाठी राखून ठेवावा, ही मला प्रेक्षकांच्या समंजसपणाची मोठी खूण वाटते. फक्त एक सांगायला हवं होतं. 'झिंगाट'वर नाचणाऱ्या लहान मुलांना घेऊन कित्येक आईवडील गेले आणि त्या शेवटाला मुलं त्यांच्या मांडीवर होती. "शेवट अंगावर येतो, लहानांना नेऊ नका," एवढं सांगितलं असतं तर गोष्ट फुटलीही नसती आणि पालक सावध झाले असते.

संदीप सावंत यांच्या 'श्वास'चं याच्या उलट. 2004 साली आलेल्या या चित्रपटात काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं : नातवाच्या डोळ्यांना कर्करोग आहे, शस्त्रक्रियेनंतर त्याची दृष्टी जाणार आहे, आणि त्याआधी आजोबा त्याला जग दाखवायला बाहेर घेऊन जातात. ही गोष्ट एकमेकांना सांगूनच लोक गेले. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पुन्हा मराठीला मिळवून देणारा हा चित्रपट. पुढे तो ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला, तेव्हा त्याच्या प्रचारखर्चासाठी लोकांनी वर्गण्या गोळा केल्या. अरुण नलावडे आणि छोटा अश्विन चितळे यांचे चेहरे पाहायला लोक जात होते, आणि गोष्ट माहीत असल्याने त्या चेहऱ्यांची ओढ कमी होत नव्हती.

घरी पाहिलेला सिनेमा

ओटीटीवर सोमवारची टांगती तलवार नाही. तिथली अडचण वेगळी आहे. सगळे एकाच आठवड्यात पाहत नाहीत, त्यामुळे चार जणांतल्या एकाचा पाहून झालेला असतो, दुसरा अर्ध्यावर असतो आणि बाकीच्यांनी यादीत टाकून ठेवलेला असतो. गप्पा जमत नाहीत. तरीही ज्या चित्रपटाला कुणी दार उघडत नाही, तो इथेही बोलण्यावरच तरून जातो. जिओ बेबी यांचा मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन' मोठ्या मंचांनी आधी नाकारला होता. जानेवारी 2021 मध्ये तो नीस्ट्रीम या छोट्या मल्याळम मंचावर आला, पाहणाऱ्यांनी बोलबाला केला, आणि मग अ‍ॅमेझॉन प्राइमनेही तो घेतला. पुढे त्यावरून हिंदीत 'मिसेस' निघाला. ओट्यापाशी, तुंबलेल्या मोरीपाशी, जेवणाच्या टेबलावर उष्टी टाकून उठणाऱ्या पुरुषांपाशी थांबणारा तो कॅमेरा समजायला मल्याळम यावं लागत नाही. माझ्या ओळखीच्या अनेक मराठी घरांत तो बायकांनी आधी पाहिला आणि मग नवऱ्यांना समोर बसवून दाखवला.

सांगताना काय सांगावं

आवडला की नाही, हे तर सांगावंच. त्याबरोबर मनात राहिलेला एखादा प्रसंग सांगावा, म्हणजे ऐकणाऱ्याला स्वतःचा अंदाज बांधता येतो. कुणाबरोबर पाहिला, हेही सांगावं. मित्रांच्या गलक्यात हसून पाहिलेला विनोदी चित्रपट एकट्याने पाहताना फिका वाटू शकतो. आईबाबांना नेण्याजोगा आहे का, ही चौकशी मराठी घरात हमखास होते, तिचं उत्तर तयार ठेवावं. आवडला नसेल तर तेही स्पष्ट सांगावं. मराठी आहे म्हणून सांभाळून घेत आपण पाठवलेला प्रेक्षक पुढच्या वेळी आपल्या शब्दावर तिकीट काढत नाही आणि त्याचा फटका एखाद्या खऱ्या चांगल्या चित्रपटाला बसतो.

आणि शुक्रवारी किंवा शनिवारी पाहिला असेल तर त्याच रात्री, थिएटरचं नाव आणि खेळाची वेळ घालून निरोप धाडावा, कारण मराठी चित्रपट कुठे लागला आहे हे शोधण्यातच निम्म्या लोकांचा उत्साह संपतो. बेंगळुरू, इंदूर, हैदराबादच्या मराठी मित्रांना तर आवर्जून कळवावं, कारण तिथे शहरभरात मोजकेच खेळ असतात. परदेशात कित्येक ठिकाणी महाराष्ट्र मंडळ एखाद्या रविवारी एकच खेळ ठरवतं, आणि खुर्च्या भरतील एवढी नावं आधी आली तरच तो होतो.