त्रुटींची नोंदवही आणि एआय एजंट

सॉफ्टवेअरमधली सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली, की तिला एक क्रमांक मिळतो. अमेरिकेतील मायटर ही संस्था १९९९पासून ‘सीव्हीई’ या नावाने ही नोंदवही सांभाळते. वाईच्या मराठी विश्वकोशातली नोंद अकारविल्हे सापडते, तशी ही वर्ष आणि अनुक्रमांकावरून. पहिल्या यादीत ३२१ नोंदी होत्या. एकट्या २०२४ मध्ये सुमारे ४० हजारांची भर पडली.

अशा एका नोंदीचा लहान बँकांशी काय संबंध असतो, ते ३१ जुलै २०२४ रोजी दिसले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतील सी-एज ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकप्रणाली पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने खबरदारी म्हणून तिला आपल्या जाळ्यापासून तोडले. देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. सातारा-सांगलीसारख्या सहकाराच्या पट्ट्यात अशी बाहेरची प्रणाली परकी नाही. लहान बँकेला स्वतःचा संगणक विभाग परवडत नाही, म्हणून कोअर बँकिंग बाहेरून घेतले जाते.

क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या तपासानुसार हल्लेखोर शिरले ते सी-एजबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्याच एका कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरमधून. जेन्किन्स हे प्रोग्रॅमरांचा कोड आपोआप तपासून, जुळवून पुढे धाडणारे मोफत सॉफ्टवेअर. त्याला आदेश देताना ‘ॲट द रेट’ चिन्हापुढे एखाद्या फाइलचा पत्ता लिहिला, की त्या जागी फाइलमधला मजकूर भरला जाई. सोय म्हणून ठेवलेली ही गोष्ट भोवली. लॉगिन न केलेल्या परक्यालाही सर्व्हरवरच्या फाइलींच्या पहिल्या काही ओळी वाचता येत. वाचनाची परवानगी असली तर सगळी फाइल. गुप्त किल्ल्याही फाइलींतच असतात. सीव्हीई-२०२४-२३८९७ ही या त्रुटीची नोंद, तीव्रता १० पैकी ९.८. ती २४ जानेवारी २०२४ रोजी जाहीर झाली आणि दुरुस्त आवृत्त्याही त्याच दिवशी आल्या. म्हणजे हल्ल्याआधी सहा महिने सगळी माहिती उघड्यावर होती. नोंदवही आणि आपल्याकडची यंत्रे यांचा मेळ घालणे हे कंटाळवाणे काम तेवढे राहिले होते.

हे काम आता एआय एजंटकडे सोपवले जाऊ लागले आहे. एजंटच्या मुळाशी असलेल्या भाषा-प्रारूपाला नुसत्याच त्रुटी विचारण्यात अर्थ नाही. त्याचे वाचन एका तारखेला थांबलेले असते आणि खरा वाटेल असा खोटा क्रमांकही ते बेधडक सांगते. म्हणून त्याला साधने जोडतात. साधनाचे नाव, त्याला काय पुरवायचे आणि ते काय परत देईल, एवढे वर्णन प्रारूपासमोर ठेवले जाते. प्रारूप मागणी लिहिते, साधा प्रोग्रॅम ती नोंदवहीकडे नेतो आणि उत्तर आणून देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने खुल्या केलेल्या ‘एमसीपी’ या संकेतामुळे अशा जोडणीला एक सामाईक पद्धत मिळाली.

विचारायचे कुठे, हाही प्रश्न असतोच. अमेरिकी सरकारची एनव्हीडी तीव्रतेचे गुण देते. गुगलने सुरू केलेली ओएसव्ही पॅकेजचे नाव आणि आवृत्ती घेऊन थेट उत्तर देते. ईपीएसएस पुढच्या ३० दिवसांत हल्ला होण्याची शक्यता वर्तवते, तर अमेरिकेच्या ‘सिसा’ या संस्थेची केईव्ही यादी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरलेल्या त्रुटीच नोंदवते. शेवटची यादी सर्वांत भरवशाची, पण उशिराची: जेन्किन्सची त्रुटी तिच्यात १९ ऑगस्ट २०२४ रोजी आली. केवळ तिच्यावर विसंबलेल्या एजंटने जुलैत ही नोंद मागेच ठेवली असती.

आवृत्तीची तुलना हा खरा फसवा भाग. जेन्किन्सच्या साप्ताहिक मालिकेत २.४४१ पर्यंतच्या आवृत्त्या सदोष होत्या, दीर्घकालीन मालिकेत २.४२६.२ पर्यंतच्या. त्यामुळे २.४२६.३ हा आकडा लहान असूनही सुरक्षित आणि २.४४१ मोठा असूनही सदोष. हे गणित प्रारूपाच्या अंदाजावर न सोडता नेमक्या नियमांच्या प्रोग्रॅमकडून करवून घेणेच बरे.

‘काही सापडले नाही’ हे उत्तर तर आणखी सावधपणे वाचावे लागते. त्रुटी नसेल, पॅकेजचे नाव चुकले असेल, किंवा ते सॉफ्टवेअर यादीतच नसेल. सी-एजच्या प्रकरणात ग्राहक बँकेने आपली यंत्रे कितीही तपासली असती, तरी जेन्किन्स दिसला नसता. तो पुरवठादाराच्याही पलीकडे होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताच्या सर्ट-इनने सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीबाबत, म्हणजे ‘एसबॉम’बाबत, मार्गदर्शक सूचना काढल्या. पुरवठादाराकडून अशी यादी मिळाली तरच एजंटला शोधायला काही हाती लागते.

साधनाला अधिकार मात्र फक्त वाचनाचे द्यावेत. नोंदींतला मजकूर बाहेरच्यांनी लिहिलेला असतो. त्यात एजंटला फितवणारी सूचना दडवता येते. पॅच, म्हणजे दुरुस्ती, कधी बसवायचा हे माणसानेच ठरवायचे, कारण चालू व्यवहारांत सर्व्हर बंद करणेही महागात पडते. शिवाय कोणत्या बँकेत कोणती आवृत्ती चालते ही माहितीच हल्लेखोराच्या कामाची. ती प्रत्येक प्रश्नागणिक बाहेर पाठवण्याऐवजी नोंदवहीची प्रत उतरवून घेऊन आपल्याच संगणकावर शोध घेता येतो. त्यात वेळही वाचतो: एनव्हीडी नोंदणी नसलेल्याला ३० सेकंदांत ५ च प्रश्न विचारू देते.