लंडनमधील बॅरिस्टरांची चेंबर्स

लंडन शहरांत लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल व ग्रेज इन या कायद्याच्या चार प्राचीन संस्था आहेत. इंग्लंड व वेल्समध्यें बॅरिस्टरची सनद यांच्याकडूनच मिळते. डॉ. आंबेडकर १९२२ सालीं ग्रेज इनमधूनच बॅरिस्टर झाले. या संस्थांच्या आवारांत बॅरिस्टरांच्या कचेऱ्या शतकानुशतकें चालत आल्या आहेत. त्यांसच 'चेंबर्स' म्हणतात.

चेंबर्स म्हणजे भागीदारीची पेढी नव्हे. जागेचें भाडें व कारकुनाचें वेतन सर्व मिळून देतात. कारकून कामें मिळवितो व फी ठरवितो. परंतु मिळकत ज्याची त्याची. म्हणूनच एका चेंबर्समधील दोघे बॅरिस्टर एकाच खटल्यांत परस्परांविरुद्ध उभे राहूं शकतात.

याहून महत्त्वाचा दंडक असा, कीं पक्षकार लोकांस अप्रिय आहे एवढ्याच कारणानें बॅरिस्टरनें त्याचें काम नाकारूं नये. १७९२ सालीं टॉमस पेन यांजवर राजद्रोही लेखनाबद्दल खटला झाला, तेव्हां टॉमस अर्स्किन यांनीं त्यांची बाजू मांडली. ते खटला हरले व युवराजांच्या पदरचें आपलें पदहि गमावून बसले. पण दंडक टिकला. ज्याचें कोणीहि ऐकूं इच्छीत नाहीं, त्याच्या वतीनेंहि बोलणारा कोणी असावा, तरच न्यायास न्याय म्हणावें, असें आम्हांस वाटतें.