शपथेवर अडलेला मतदारसंघ

निवडून आलेला उमेदवार शपथ घेणार आणि सभागृहात जाऊन बसणार, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की मत देताना तो विचारही मनात येत नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर परगण्यातील मतदारांनी मात्र एकदा नव्हे, दोनदा असा माणूस लंडनच्या पार्लमेंटवर निवडून दिला, की जो तिथे बसणार नाही हे त्यांना मत देण्यापूर्वीच ठाऊक होते. पहिल्या वेळी, १८२८ साली, त्याला बसू दिले जाणार नव्हते. दुसऱ्या वेळी, १९१७ साली, त्याला स्वतःलाच बसायचे नव्हते. दोन्ही वेळी पार्लमेंटच्या दाराशी उभी होती ती शपथ. ब्रिटिश पार्लमेंटमधला हा मतदारसंघ १९२२ साली इतिहासजमा झाला. पण त्याची कहाणी आजही वाचावी अशी आहे, आणि ती निव्वळ पुढाऱ्यांची नाही.

क्लेअर म्हणजे तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला मुलूख. पश्चिमेला अटलांटिक, उत्तरेला गॉलवेचा उपसागर, दक्षिणेला आणि पूर्वेला शॅनन नदी. उत्तर भागात बरेन नावाचे चुनखडीच्या खडकांचे उघडेबोडके पठार. मुख्य गाव एनिस. १ जानेवारी १८०१ पासून डब्लिनचे स्वतंत्र पार्लमेंट बंद झाले आणि आयर्लंडच्या वाट्याला लंडनमध्ये शंभर जागा आल्या. त्यांतल्या दोन क्लेअर परगण्याच्या.

मतदार कोण, हे आधी समजून घ्यायला हवे. परगण्यात मताचा हक्क होता तो ‘चाळीस शिलिंगवाल्यां’ना. ज्या कुळाकडे हयातभराच्या पट्ट्याने जमीन आहे आणि खंड वजा जाता त्या जमिनीची किंमत सालाला चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड, आहे असे जो शपथेवर सांगेल तो मतदार. १७९३ पासून हा हक्क कॅथलिकांनाही मिळाला. ऐकायला हे फार उदार वाटते. व्यवहारात जमीनदारांनी असे पट्टे भराभर करून दिले, कारण जितकी कुळे तितकी मते. मतदान उघड असे. कुळाने सगळ्यांसमोर उभे राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगायचे आणि जमीनदाराच्या कारभाऱ्याने ते ऐकायचे. मतदानाच्या दिवशी कुळांचे तांडे गुरांसारखे हाकत केंद्रावर आणले जात. त्यातून कुळाकडे सहा महिन्यांचा खंड थकलेलाच असायचा, आणि हा थकलेला खंड केव्हाही मागण्याचा अधिकार जमीनदाराकडे असे. एरवी ती सवलत होती. निवडणुकीत तोच गळफास.

आता शपथ. कॅथलिक माणूस मत देऊ शकत होता, उमेदवार म्हणून उभा राहायलाही कायद्याची आडकाठी नव्हती. परंतु पार्लमेंटात बसण्यापूर्वी जी शपथ आणि जे प्रतिज्ञापत्र सक्तीचे होते, त्यांत पोपचा अधिकार नाकारावा लागे आणि कॅथलिकांची प्रार्थनाविधी ही मूर्तिपूजा आहे असे म्हणावे लागे. कोणताही श्रद्धाळू कॅथलिक ते म्हणणार नाही, हे गृहीत धरूनच तो मजकूर बेतलेला होता. कायदा असा की त्यात बंदी कुठेच लिहिलेली नाही, आणि तरी दार बंद!

हे दार उघडण्यासाठी डॅनियल ओकॉनेल या केरी परगण्यातल्या बॅरिस्टराने १८२३ साली कॅथलिक असोसिएशन काढली आणि दुसऱ्या वर्षी महिन्याला एक पेनी अशी वर्गणी सुरू केली. चर्चच्या दाराशी ती गोळा होई. पेनी देणारा गरीब शेतकरी एका राजकीय संस्थेचा सभासद झाला, ही गोष्ट पैशांपेक्षा मोठी होती. १८२६ साली वॉटरफर्डमध्ये कुळांनी जमीनदाराविरुद्ध मत देऊन पाहिले होते. पण तिथला उमेदवार प्रॉटेस्टंट होता.

१८२८ साली क्लेअरचे खासदार व्हेसी फिट्झगेराल्ड यांना ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळात व्यापार खात्याचे मंत्रिपद मिळाले. त्या काळच्या नियमाप्रमाणे मंत्री झालेल्या खासदाराला पुन्हा निवडून यावे लागे. फिट्झगेराल्ड माणूस वाईट नव्हता. उलट कॅथलिकांना हक्क द्यावेत या मताचा, लोकांची कामे करणारा, स्वतः क्लेअरचा जमीनदार. असोसिएशनने आधी मेजर मॅक्नमारा या स्थानिक प्रॉटेस्टंट गृहस्थाला विचारले. त्याने नकार दिला. मग २४ जूनला बावन्न वर्षांच्या ओकॉनेलने स्वतःचेच नाव जाहीर केले. निवडून आलो तर ती शपथ घेणार नाही, हे त्याने आधीच सांगून टाकले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एनिसमध्ये पाच दिवस मतदान चालले. हजारो माणसे गावात लोटली. रस्त्यावर झोपली, पण दंगा नाही. दारू प्यायची नाही असे ठरले होते आणि ते पाळले गेले. आयरिश निवडणुकीत हे नवलच म्हणायचे! धर्मगुरू आपापल्या पॅरिशची माणसे रांगेने घेऊन येत होते. ड्रोमोलंडचे सर एडवर्ड ओब्रायन हे परगण्यातले बडे जमीनदार फिट्झगेराल्डच्या पाठीशी उभे होते. त्यांचीच कुळे त्यांच्या डोळ्यांदेखत पलीकडे गेली. (याच सर एडवर्डचा मुलगा विल्यम स्मिथ ओब्रायन पुढे १८४८ च्या उठावाचा पुढारी झाला. इतिहासाला असले विनोद आवडतात.) ओकॉनेलचे नाव सुचवणारा होता ओगॉर्मन माहन नावाचा उमदा, भांडखोर तरुण, अनुमोदन दिले टॉम स्टील या प्रॉटेस्टंट जमीनदाराने. निकाल लागला: ओकॉनेल २०५७, फिट्झगेराल्ड ९८२.

हे आकडे वाचताना मला नेहमी ओकॉनेलपेक्षा त्या दोन हजार सत्तावन्न माणसांचा विचार येतो. ओकॉनेल हरला असता तर डब्लिनला जाऊन वकिली करू लागला असता. या माणसांना मात्र दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीवर, त्याच कारभाऱ्यासमोर उभे राहायचे होते. आपले नाव कोणत्या यादीत आहे हे साऱ्या परगण्याला ठाऊक. आपल्याकडेही कुळाने खोताविरुद्ध ब्र काढणे म्हणजे काय होते, हे कोकणातल्या जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको.

लंडनमध्ये वेलिंग्टन आणि गृहमंत्री पील यांना या मतदानाची भीती वाटली, ती त्यातल्या शिस्तीमुळे. दंगा झाला असता तर सैन्य होते. रांगेत शांतपणे उभ्या राहणाऱ्या माणसांवर काय करणार? पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत परगण्यामागून परगणा असाच गेला तर? कॅथलिक हक्कांचे आयुष्यभराचे विरोधक असलेल्या पीलनेच मग ते विधेयक मांडले आणि १३ एप्रिल १८२९ रोजी त्याचा कायदा झाला. दार उघडले.

पण त्याच दिवशी दुसऱ्याही एका कायद्यावर राजाची मोहोर उमटली. आयर्लंडच्या परगण्यांत मताच्या हक्काची मर्यादा चाळीस शिलिंगांवरून एकदम दहा पौंडांवर नेण्यात आली. सगळ्या परगण्यांतले मतदार दोन लाखांच्या वर होते, ते चाळीस हजारांच्याही आत आले. ज्यांनी एनिसमध्ये उभे राहून दार उघडायला लावले, त्यांचाच मताचा हक्क दार उघडण्याची किंमत म्हणून गेला. ओकॉनेलने १८२५ साली एकदा असा सौदा मान्य केला होता, नंतर पुन्हा तसे करणार नाही असे सांगितले होते, आणि १८२९ साली त्याचा विरोध फार काळ टिकला नाही. त्याच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. मात्र हा हिशेब त्याच्या खात्यावर राहतोच. कुळाला मत होते तोवर त्याला जमिनीवर ठेवण्यात जमीनदाराचा एक स्वार्थ तरी होता. तो संपला. पुढे १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात याच परगण्यातल्या किलरश भागात हजारो माणसांना घरांतून बाहेर काढून घरांची छपरे उतरवण्यात आली.

खुद्द ओकॉनेलचे काय झाले? नवा कायदा मागील निवडीला लागू नव्हता. मे १८२९ मध्ये तो सभागृहात गेला तेव्हा त्याच्यासमोर जुनीच शपथ ठेवली गेली. त्याने ती वाचली, यातला एक भाग खोटा आहे हे मला माहीत आहे आणि दुसरा खरा आहे असे मी मानत नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले आणि तो परत फिरला. जुलैत क्लेअरने त्याला बिनविरोध पुन्हा पाठवले. १८३० च्या निवडणुकीत तो क्लेअर सोडून वॉटरफर्डला गेला.

त्यानंतरची काही दशके झरझर सांगता येतात. १८५२ च्या निवडणुकीत सिक्समाइलब्रिज या गावी मतदारांना पहाऱ्यात घेऊन जाणाऱ्या शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, माणसे मेली आणि ती निवडणूकच पुढे रद्द ठरली. गुप्त मतदान आले ते १८७२ साली. १८२८ च्या माणसांना ते मिळाले असते तर, असे वाटून जाते.

ओगॉर्मन माहन मात्र पुन्हा पुन्हा भेटत राहतो. १८३० साली तो स्वतः क्लेअरमधून निवडून आला आणि लाचलुचपतीच्या तक्रारीवरून त्याची निवड रद्द झाली. मग द्वंद्वयुद्धे, देशोदेशीची भ्रमंती. १८७९ साली, म्हणजे ओकॉनेलचे नाव सुचवल्यावर एक्कावन्न वर्षांनी, हा म्हातारा पार्नेलचा पाठीराखा म्हणून पोटनिवडणुकीत क्लेअरचा खासदार झाला! १८८० साली त्याच्या जोडीला दुसऱ्या जागेवर आला कॅप्टन ओशे. माहननेच त्याची पार्नेलशी ओळख करून दिली. ओशेच्या पत्नीवर पार्नेलचे प्रेम जडले आणि दहा वर्षांनी घटस्फोटाच्या खटल्यात आयर्लंडचा तो नेता कोसळला. त्याच १८८० च्या सप्टेंबरात एनिसच्या सभेत पार्नेलने सांगितले होते, की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला वाळीत टाका. थोड्याच दिवसांत मेयो परगण्यातल्या कॅप्टन बॉयकॉटवर तो प्रयोग झाला आणि इंग्रजीला एक नवा शब्द मिळाला.

१८८५ साली परगण्याचे पूर्व क्लेअर आणि पश्चिम क्लेअर असे दोन मतदारसंघ झाले. पूर्वेची जागा १८९२ पासून विली रेडमंडकडे होती. आयरिश होमरूल पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांचा हा धाकटा भाऊ. महायुद्धात इंग्लंडला साथ दिली तर होमरूल पदरात पडेल, या विश्वासाने तो पन्नाशी उलटल्यावर सैन्यात गेला आणि ७ जून १९१७ रोजी मेसीनच्या लढाईत पडला.

‘होमरूल’ हा शब्द आपल्याकडे आला तो आयर्लंडहूनच. लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली ती २८ एप्रिल १९१६ रोजी. नेमक्या त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा सशस्त्र उठाव चिरडला जात होता आणि पुढाऱ्यांना गोळ्या घातल्यावर लोकांचे मन होमरूलवरून उडू लागले होते. इकडे जो शब्द नवा होता, तो तिकडे शिळा होत चालला होता.

रेडमंडच्या जागेसाठी शिन फेनने उभे केले एमन डी व्हॅलेरा यांना. न्यूयॉर्कला जन्मलेले गणिताचे शिक्षक. उठावातली त्यांची फाशीची शिक्षा जन्मठेपेवर आली होती आणि जूनमध्येच ते इंग्लंडच्या तुरुंगातून सुटले होते. समोर होमरूल पक्षाकडून पॅट्रिक लिंच, क्लेअरमध्ये गोतावळा असलेला वकील. डी व्हॅलेरा स्वयंसेवकांचा गणवेश घालून प्रचाराला फिरले. लंडनला जाणार नाही, हाच त्यांचा जाहीरनामा. १० जुलैला मतदान झाले. डी व्हॅलेरा ५०१०, लिंच २०३५. एनिसच्या कोर्टाच्या पायऱ्यांवरून त्यांनी विजयाचे भाषण केले.

१९१८ च्या डिसेंबरात तीस वर्षांवरील स्त्रियांना प्रथमच मताचा हक्क मिळाला. क्लेअरच्या स्त्रियांना तो बजावता मात्र आला नाही, कारण पूर्व आणि पश्चिम दोन्ही जागा शिन फेनला बिनविरोध गेल्या. मतपेट्या आल्याच नाहीत. १९२१ सालीही तेच. एकमताने दिलेला कौल म्हणून याचा गौरव होतो. मला त्यात थोडी चुटपुट वाटते.

लंडनचा प्रश्न १९२२ साली मिटला, शपथेचा मिटला नाही. नव्या आयरिश राज्यघटनेत राजाशी निष्ठेची शपथ होतीच आणि तिच्यावरून यादवी झाली. ऑगस्ट १९२३ मध्ये डी व्हॅलेरा एनिसच्या सभेत बोलायला उभे राहिले आणि व्यासपीठावरच पकडले गेले. क्लेअरने त्यांना १७,७६२ मते देऊन पहिल्या क्रमांकाने निवडले. ते पुन्हा सभागृहाबाहेरच राहिले. शेवटी ऑगस्ट १९२७ मध्ये ते डब्लिनच्या सभागृहात गेले, शपथेच्या वहीजवळचे बायबल त्यांनी बाजूला सरकवले, शपथेचा मजकूर झाकला आणि सही केली. ही शपथ नव्हे, नुसती सही, असे त्यांचे म्हणणे. विरोधक हसले. यादवीत ज्यांची माणसे गेली त्यांना हसू आले नसेल.

१९३३ साली, सत्तेवर आल्यावर, त्यांनी ती शपथ कायद्यातून काढून टाकली. एनिसमध्ये आज जुन्या कोर्टाच्या जागी ओकॉनेलचा उंच स्तंभ आहे आणि नव्या कोर्टासमोर डी व्हॅलेरांचा पुतळा. १९१७ साली न बसण्यासाठी निवडलेला हा माणूस १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, क्लेअरचाच प्रतिनिधी राहिला.