दाण्याचा रकाना

24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, किमान आठ कामगार गेले. म्हैसूरला आमच्याकडे मराठी वाहिन्या लागतात. संध्याकाळभर एकच प्रश्न चघळला जात होता: ठिणगी कुठून आली? तिथे काय झालं ते चौकशीने सांगावं. माझी तक्रार प्रश्नाबद्दल आहे. स्फोटकाला ठिणगीच लागते असं नाही, आघातही पुरतो. आणि किती आघात पुरेल, हे दाणा केवढा आहे यावरही ठरतं.

म्हैसुरात या विषयाला तोटा नाही. टिपूचे अग्निबाण, 1780 ची पोल्लिलूरची लढाई, 1792 ला श्रीरंगपट्टणाच्या वेढ्यात मराठ्यांकडून उतरलेले आपले हरिपंत फडके, पुढे इंग्लंडात काँग्रीव्हने केलेली नक्कल, सगळं लोकांना तोंडपाठ. 2018 ला शिवमोग्गा जिल्ह्यात नगरच्या जुन्या विहिरीतून हजारावर बाण निघाले, तेव्हाही कौतुक झालं ते लोखंडी नळ्यांचं. आतल्या दारूकडे कोण बघतो!

मी बघायचो, नव्वदच्या दशकात. आमच्या स्फोटकांच्या प्रयोगशाळेत ड्रॉप हॅमर, म्हणजे पडता हातोडा, होता. दोन पोलादी तुकड्यांमध्ये कणभर नमुना, वरून दोन किलोचं वजन. फुटलं की पुढच्या वेळी उंची एक पायरी खाली, नाही फुटलं की एक पायरी वर. ज्या उंचीवर निम्मे नमुने फुटतात, ती वहीत टिपायची. त्याआधी दाणे आकारानुसार वेगळे करायला चाळण्या. एक चाळणी धुऊन पुरती वाळेपर्यंत आमचे जुने तंत्रज्ञ पुढच्या नमुन्याला हात लावू देत नसत. 

एकाच पदार्थाचा जाड आणि बारीक दाणा वेगवेगळी उंची दाखवायचा. आमच्या साहेबांचं म्हणणं, तुमचा हात स्थिर नाही. मग ‘तक्ता आटोपशीर हवा’ म्हणून अहवालातला चाळणीचा रकानाच त्यांनी काढून टाकला. हे मी अजून विसरलेलो नाही.

खरं तर या फरकाच्या कोड्याचं उत्तर जुनंच होतं. बाउडन आणि योफी या शास्त्रज्ञांनी 1952 च्या पुस्तकात मांडलं होतं की आघाताची उष्णता सगळ्या पदार्थात सारखी पसरत नाही. ती सूक्ष्म ठिकाणी एकवटते. दाबला गेलेला हवेचा बुडबुडा, दाण्यावर घासणारा दाणा, स्फटिकातली पोकळी. जाड स्फटिकात अशा पोकळ्या जास्त राहतात, म्हणून आरडीएक्स, एचएमएक्ससारख्या स्फोटकांत अगदी बारीक दाणा हातोड्याखाली बऱ्याचदा सोशिक ठरतो. पण बारीक म्हणजे निर्धोक, हेही खोटं. एकदा पेटला की पृष्ठभाग जास्त असल्याने तोच झपाट्याने जळतो, आणि त्याची धूळ यंत्राच्या सांध्यांत जाऊन बसते.

आता संगणक रेणूची नुसती रचना पाहून ही उंची वर्तवतो. त्याला शिकवायला घेतात जुने तक्ते, त्यातल्या कित्येकांत दाण्याचा पत्ताच नसतो. म्हणजे साहेबांनी खोडलेला रकाना यंत्रानेही कायमचा खोडला. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेत मात्र भुकटी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढूनच हातोड्याखाली ठेवायला सांगितलं आहे. तेवढी शिस्त तरी पाळा. आणि दाण्याचा आकार नसेल, तर उंचीचा आकडा छापू नका.