जुनी खाद्यगाडी घेताना रंग नाही, तळ बघा

गटाची बैठक नुकतीच उरकली असेल, कुणी चुलीपुढे असेल, कुणी शेळ्यांपाशी. हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज बोलायचंय जुन्या खाद्यगाडीबद्दल. म्हणजे जीपच्या किंवा टेम्पोच्या मागे जोडून आठवडी बाजाराला, यात्रेला न्यायची ती दोन चाकांची ट्रॉली. आत ओटा, शेगडी, सिलिंडर आणि वर उघडणारी खिडकी. नवी गाडी परवडत नाही म्हणून बरेच गट जुनी घेतात. त्यात वाईट काही नाही. आमच्या गटानेही घेतली. पण घेताना जी चूक झाली ती माझीच होती, म्हणून आधी तीच सांगते.

गाडी बघायला मी आणि आमच्या गटाच्या कोषाध्यक्ष ताई, अशा दोघीच गेलो. संध्याकाळची वेळ होती. लाल-पिवळा ताजा रंग, खिडकीला झालर, आत चकचकीत पत्रा. मी म्हटलं, "ताई, हीच घेऊ." अर्ध्या तासात व्यवहार ठरला. पहिल्या मोठ्या पावसात छत गळालं, पिठाचं पोतं भिजलं. पोतं उचलायला गेलो तर खालचा प्लाय पायाखाली दबला. आतून पार कुजला होता, वरून नुसती नवी चटई चिकटवलेली. पंधरा दिवस धंदा बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू. बैठकीत सगळ्यांनी बोल लावला तो ताईंना, कारण पैसे त्यांच्या हातून गेले होते. त्या गट सोडायला निघाल्या. त्या दिवशी मी उठून सांगितलं, गाडी मी पसंत केली. आणि ठरवलं, पुढच्या गटाला तरी हे आधीच कळावं.

म्हणून पहिला नियम. गाडी बघायला दिवसाउजेडी जा आणि तिघी-चौघी जा. सोबत ओळखीचा वेल्डिंगवाला किंवा गॅरेजचा मिस्त्री न्या. त्याची दिवसाची मजुरी खुशाल द्या, ती वाया जात नाही. पिशवीत चार वस्तू ठेवा: बॅटरी, दाभण, साबणाचं पाणी आणि एक वही. तिथे गेल्यावर दोन बादल्या पाणी मागून घ्या.

सुरुवात तळापासून करा. वाकून बॅटरीच्या उजेडात साटा बघा. वरवरचा तांबूस गंज घासून निघतो. पण पापुद्रे सुटत असतील, हातोडीने ठोकल्यावर तुकडे पडत असतील, तर लोखंड खाल्लं गेलंय. जोडाची जागा, पाटे जिथे बसतात ती जागा आणि पुढचा ओढायचा दांडा नीट बघा. वेल्डिंगला तडा असेल किंवा एकाच जागी नवा रंग फासलेला असेल, तर विचारा, इथे काय झालं होतं? आणि एक लक्षात ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. आधी भक्कम टेकू, चाकाला उटी, मगच खाली.

मग छत. दोन बादल्या पाणी छतावर सावकाश ओता, विशेषतः कडेच्या जोडांवर, आणि दोघींनी आत उभं राहून बघा. थेंब लगेच दिसेलच असं नाही, पंधरा मिनिटं थांबा. आतल्या कोपऱ्यांत हात फिरवा. फुगलेला प्लाय, काळे डाग, कुबट वास ही जुन्या गळतीची खूण. जमिनीवरची चटई उचलायला सांगा आणि कोपऱ्यात दाभण टोचा. चांगल्या लाकडात ती अडते, कुजलेल्यात लोण्यासारखी जाते. विकणारा चटई उचलू देत नसेल, तर तेच त्याचं उत्तर समजा.

आता चाकं. अशी ट्रॉली एका जागी महिनोन्महिने उभी असते, त्यामुळे टायरची नक्षी चांगली दिसते, पण रबर उन्हाने तडकलेलं असतं. टायरच्या बाजूला उत्पादनाचे चार आकडे असतात. समजा २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. सहा वर्षांच्या पुढचा असेल तर बदलायचा खर्च धरूनच किंमत बोला. चाक उचलून मिस्त्रीला वरून-खालून हलवायला सांगा. खडखड झाली किंवा फिरवताना घरघर ऐकू आली, तर बेअरिंग गेलंय किंवा ग्रीस संपलंय. चालत्या रस्त्यात बेअरिंग जाम झालं तर चाक निखळू शकतं, म्हणून इथे चालढकल नको.

गॅसच्या बाबतीत तर अजिबातच नको. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, जमिनीलगत साठतो. म्हणून गाडीच्या तळाशी हवा जायला जाळीची भोकं हवीत. कुणी उंदरांच्या भीतीने ती बुजवली असतील तर मोकळी करून जाळी बसवा. रबरी नळीवर छापलेली मुदत बघा, वाकवून तडे बघा. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की गळती. काडी ओढून कधीच तपासायचं नाही. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतून इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ती मुदत उलटलेला सिलिंडर परत करा. घरातला लाल सिलिंडर धंद्याला चालत नाही, व्यवसायाचा निळा घ्यावा लागतो.

वायरींचे उघडे, चिकटपट्टीने गुंडाळलेले जोड दिसले, तर वायरमनकडून पूर्ण नवी वायरिंग करून घ्या. मागचे लाल दिवे, ब्रेकचे आणि वळणाचे दिवे गाडी जोडून, लावून बघा.

कागद शेवटी सांगते, पण पैसे देण्याआधी बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलरही मोटार वाहनात मोडतो, म्हणून नोंदणी लागते. नोंदणी पुस्तकातला चासी नंबर साट्यावरच्या नंबराशी ताडून बघा. बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मागा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. त्यांवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. विमाही आपल्या नावावर करायचा असतो, त्याचा अर्ज १४ दिवसांत करा. विकणाऱ्याची अन्न नोंदणी आपल्याला चालत नाही, ती गटाच्या नावाने वेगळी काढा.

वहीत सगळे दोष आणि त्यांचा अंदाजे खर्च लिहून घ्या. तिथेच होकार देऊ नका. बैठकीत वही वाचा, चर्चा करा, ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. मग काही कमी-जास्त झालंच, तर बोट एकीकडे जात नाही.

गाडी दारात आली की काम संपलं असं नाही. आमच्या गटात आता बचतीच्या वहीसारखीच गाडीचीही वही आहे. निघताना जिची पाळी असेल ती पाहते: पिन आणि साखळी बसली का, नट घट्ट आहेत का, हवा बरोबर आहे का, दिवे लागतात का. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून, टोपी लावून, तो उभा बांधला का. जड सामान पुढच्या अंगाला ठेवतो, कारण मागे ओझं झालं की ट्रॉली रस्त्यावर डोलते. आत कुणालाही बसवत नाही. चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळतो. आठवड्याला गॅसचे जोड साबणाने तपासतो, महिन्याला आग विझवण्याच्या नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे का ते बघतो. वर्षातून एकदा, मे महिन्यात, बेअरिंगला नवं ग्रीस, छताच्या जोडांना सिलिकॉन आणि साट्याला गंज घासून रंग. दर बाजाराच्या कमाईतून थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवतो. त्यामुळे आता खर्च आला तरी हप्ता चुकत नाही.

आमच्या त्या कोषाध्यक्ष ताई गटात राहिल्या. गाडीची वही आज त्यांच्याकडेच असते, आणि पिन बघितल्याशिवाय त्या ड्रायव्हरला चावी देत नाहीत. तुमच्या गटात गाडी घ्यायचा विचार असेल, तर या महिन्याच्या बैठकीत ही यादी मोठ्याने वाचा, आणि गाडी बघायला कोण कोण जाणार ती नावं तिथेच लिहून घ्या. येते मी. नमस्कार.