यंत्र बोलतं गोड, पण शब्द पाळायचा कोणी?

जुन्या साड्यांवर भांडं देणारी बोहारीण दारात आली की काय होतं? एका पातेल्यासाठी ती चार साड्या मागते, आपण दोनवर अडून बसतो. ती आपला चेहरा वाचते, आपण तिचा. दोघीही तयारीच्या! पण भगिनींनो, आता असा एक विक्रेता आला आहे की ज्याला चेहराच नाही. तो दारात उभा राहत नाही, थेट हातातल्या मोबाईलवर येतो आणि रात्री अकरा वाजतासुद्धा अदबीने विचारतो, "ताई, काय मदत करू?"

हाच तो 'चॅटबॉट'. माणसासारखं बोलणारं, कंपनीच्या वतीने माल खपवणारं आणि तक्रारी ऐकणारं यंत्र. २०२२ च्या नोव्हेंबरात 'चॅटजीपीटी' आलं आणि अशा यंत्रांची भाषा एकदम सफाईदार झाली. आता ती मराठीतही बोलतात.

तुम्ही म्हणाल, "यात वाईट काय?" वाईट काहीच नाही. दुपारची कामं आटोपून पारनेरहून नगरला जायचं, चार दुकानं हिंडायची, त्यापेक्षा घरबसल्या भाव कळला तर बरंच की! बचत गटाच्या पापड-मसाल्याला गिऱ्हाईक हवं असेल, तर त्याची चार ओळींची जाहिरातही हे यंत्र झटकन लिहून देतं. प्रश्न वेगळाच आहे.

आपल्या पेठेतला कापडवाला जेव्हा म्हणतो, "वहिनी, रंग गेला तर साडी परत आणा," तेव्हा त्या शब्दामागे तो स्वतः उभा असतो. रंग गेलाच, तर साडी त्याच्या पुढ्यात टाकता येते. यंत्राच्या शब्दामागे कोण उभं असतं?

यंत्राची थाप, कंपनीचे हात वर

हे यंत्र माहिती आहे म्हणून बोलतं असं नाही. लाखो पानांचा मजकूर त्याला दाखवलेला असतो. त्यावरून कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द शोभेल, याचा ते अंदाज बांधतं. म्हणून खरं सांगताना आणि थाप मारताना त्याचा सूर सारखाच असतो. जीभ चाचरत नाही, नजर चुकत नाही.

कॅनडात काय झालं पाहा. २०२२ साली आजी वारल्यामुळे एका गृहस्थांना तातडीने विमानाने जायचं होतं. एअर कॅनडा कंपनीच्या चॅटबॉटने सांगितलं, की आधी तिकीट काढा, सवलतीचा अर्ज नंतर नव्वद दिवसांत करा. त्यांनी तसं केलं, तर कंपनी म्हणाली, असा नियमच नाही! प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं. तिथे कंपनीची बाजू अशी, की चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. म्हणजे मुनिमाने सांगितलं ते मुनिमाचं, शेठचा संबंध नाही! फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हे मानलं नाही आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. त्या गृहस्थांनी चॅटबॉटशी झालेल्या बोलण्याचं चित्र जपून ठेवलं होतं, हे विशेष.

मन मोकळं करताना

१९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम या शास्त्रज्ञाने 'एलायझा' नावाचा बोलका प्रोग्राम केला. समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, एवढंच त्याला येई. तरी त्याच्याशी बोलताना त्यांच्या सेक्रेटरीने "जरा बाहेर जाता का?" असं खुद्द वायझेनबॉमना सांगितलं. ऐकणारं कुणी भेटलं की आपण बोलतो, हा मनुष्यस्वभावच आहे.

आणि ज्या घरात बाईचं ऐकायला कुणाला वेळ नसतो, तिथे तर हा ओढा जास्तच. पण इथे ऐकणारा विक्रेता आहे. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीने तर जाहीरच केलं, की १६ डिसेंबर २०२५ पासून आपल्या एआय मदतनिसाशी झालेलं बोलणं बहुतेक देशांत जाहिराती निवडायला वापरलं जाईल. आरोग्य, धर्म असे विषय वगळू, असंही कंपनी म्हणते. तरी शेजारणीला सांगताना आपण दहादा विचार करतो, तो इथेही करायला नको का?

नोकऱ्यांचं काय?

आणखी एक गोष्ट आपल्या मुलींची. गिऱ्हाइकांच्या फोनला उत्तरं देण्याच्या कामावर गावोगावच्या कितीतरी मुली शहरात स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. बेंगळुरूच्या 'दुकान' कंपनीच्या प्रमुखाने २०२३ च्या जुलैत सांगितलं, की चॅटबॉट आणल्यावर मदत विभागातली नव्वद टक्के माणसं कमी केली. मुलीला पुढे काय शिकवायचं, हे ठरवताना याचाही विचार हवा.

एवढं करा

- "तू माणूस की यंत्र?" असं सरळ विचारा. माल खपवण्यासाठी यंत्राने माणूस असल्याचं भासवू नये, असा कायदा कॅलिफोर्नियात २०१९ पासून लागू आहे.
- भाव, सवलत, परतीची अट यांबद्दल यंत्र जे सांगेल त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पावती जपतो तसाच.
- "शेवटचे दोनच नग!" या घाईला भुलू नका. खोटी घाई करणं, न विचारता टोपलीत वस्तू घालणं अशा तेरा युक्त्यांना आपल्याकडे २०२३ च्या नियमांनी मनाई केली आहे.
- ओटीपी, बँकेचा तपशील, घरातलं आजारपण, उधारी यांतलं काही सांगू नका.
- फसगत झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पैसेच लुबाडले गेले तर १९३० वर, तेही ताबडतोब.

२०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. कंपनी मुंबईची असो की बेंगळुरूची, पारनेरच्या बाईने अहिल्यानगरच्या ग्राहक आयोगाकडे जावं.

माहितीच्या अधिकारासाठी महाराष्ट्रात जो लढा झाला, त्यात आपल्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे पुढे होते. २००५ साली तो हक्क देशभराचा झाला. सरकारला जाब विचारायला आपण शिकलो. मग "हे तुमच्या यंत्राने सांगितलं होतं, आता शब्द पाळा," असं कंपनीला ठणकावायला कशाला कचरायचं?